टर्बो बदलण्याआधी ब्रीदर बघा

‘टर्बो गेला’ म्हणून गॅरेजात येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो शाबूत असतो. बिघडलेला असतो तो ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटात साठणारा वायू आणि ऑइलची वाफ काढून घेऊन पुन्हा हवेच्या नळीत सोडणारी व्यवस्था. ती तुंबली की इंजिन निळा धूर सोडतं, ऑइल खातं, सीलांमधून पाझरतं, आणि मालकाच्या हातात टर्बोचं पन्नास-साठ हजारांचं एस्टिमेट पडतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यात लोकांचे पैसे जातात, चांगले टर्बो भंगारात जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं गॅरेज तंजावरला, त्रिची रोडवर आहे. घराणं इथलंच, व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेल्या मराठी घरांपैकी एक. घरी मराठी, गॅरेजात तमिळ. डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं पिंपरीच्या पट्ट्यात इंजिन टेस्टिंगला होतो. तिथे टेस्ट-बेडवर इंजिनाचा ब्लो-बाय मीटर लावून मोजत असत आणि आकडा चढला की ते इंजिन पुढे सरकत नसे. गावी येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा दिसलं की कारखान्यात ज्या आकड्याला एवढा मान, त्याची गाडी रस्त्यावर आल्यावर कुणी चौकशीसुद्धा करत नाही.

ब्लो-बाय म्हणजे काय ते आधी सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी पूर्ण हवाबंद नसतात. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर रिंग लांबते. डिझेल इंजिनात जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या घरात जातो. त्यातला थोडा वायू रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे जिथे ऑइल साठतं त्या इंजिनाच्या पोटात, उतरणारच. त्यात अर्धवट जळलेलं इंधन असतं, काजळी असते, आम्लं असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून जातं, पण त्याचा अंश खालीही उतरतो. चेंबरवर क्रँकशाफ्ट मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतो. त्याने उडवलेले ऑइलचे थेंब, त्यातले कित्येक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, या वायूत मिसळतात. एवढ्या सगळ्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं: टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, क्रँकच्या सीलमधून, डिपस्टिकच्या तोंडातून.

साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात हे काम सरळ आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये बहुतेक वेळ हवेची ओढ असते. चेंबरमधून तिथे एक नळी आणि मधे एक झडप दिली की वायू आपोआप ओढला जातो आणि सिलिंडरमध्ये जळून जातो. टर्बो आला की गणित उलटतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, पण पाय दाबला की तिथेच दाब तयार होतो. त्या क्षणी झडप घट्ट मिटली नाही, तर टर्बोने भरलेली हवा उलटी चेंबरमध्ये घुसते. म्हणून टर्बो पेट्रोलला दोन वाटा असतात. एक मॅनिफोल्डकडे, हलक्या पायासाठी. दुसरी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीत, दाबलेल्या पायासाठी, कारण तिथे टर्बो हवा ओढत असल्यामुळे नेहमी थोडी ओढ असते. डिझेलला बहुधा ही दुसरीच वाट असते. वाटेत सेपरेटर बसवलेला असतो. तो वायूला वळणं देऊन किंवा गरगर फिरवून थेंब वेगळे करतो आणि ऑइल परत खाली सोडतो. सोबत एक पातळ रबरी पडदा असतो. ओढ फार वाढली की तो वाट आवळतो, म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल शोषून घेत नाही.

आता टर्बोचं स्वतःचं ऑइल बघा, कारण सगळी गल्लत इथेच होते. लहान गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल पंपाच्या दाबाने आत येतं, पण परत जाताना त्याच्या मागे कुठलाही पंप नसतो. ते केवळ उतारावरून, आपल्या वजनाने, एका जाड नळीतून चेंबरमध्ये पडतं. टर्बोची सीलंही रबराची नसतात; पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि ऑइल खाली वाहत राहील हे गृहीत धरूनच त्या केलेल्या असतात. ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये दाब झाला की परतीची नळी अडते, टर्बोच्या पोटात ऑइल साठतं आणि त्या रिंगांना ओलांडून एकीकडे इंटरकूलरमध्ये, दुसरीकडे सायलेन्सरमध्ये जातं. मागून निळा धूर. मिस्त्री नळी काढतो, टर्बो ऑइलने ओला दिसतो, निदान झालं. नवा टर्बो बसवला तरी चेंबरमधला दाब तोच असतो, त्यामुळे काही दिवसांत तोही ओला होतो. मग दोष टर्बो बनवणाऱ्याला.

गेल्या सांबा भाताच्या कापणीच्या दिवसांत कुंभकोणमचा एक ड्रायव्हर आपली सात आसनी डिझेल गाडी घेऊन आला. दुसऱ्या एका वर्कशॉपने टर्बो बदलायला सांगितला होता. तो म्हणाला, “अण्णा, नवा परवडत नाही, जुन्या बाजारातला बसवून द्या.” तक्रार अशी की देवळाबाहेर तासभर एसी लावून उभी राहिलेली गाडी निघाली की मागचा रस्ता निळा होतो, आणि एकदा मोकळ्या रस्त्याला लागली की कमी होतो. एवढ्यावरून टर्बो गेला असं ठरवता येत नाही, त्यामुळे मी आधी टर्बोला हातच लावला नाही.

डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. पाझरतंय म्हणून कुणीतरी भर घालत गेलं होतं. हवेची नळी सोडून टर्बोच्या चाकाला बोट लावलं. शाफ्ट आडवा किंचित हलला, तेवढा हलायलाच हवा. पुढे-मागे मात्र अजिबात हलला नाही आणि पाती कुठे घासलेली नव्हती. इंटरकूलरची खालची नळी काढल्यावर वाटीभर काळं ऑइल ओघळलं. मग गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप घेतली, तिला इंग्रजी यू अक्षरासारखं वाकवून अर्धी पाण्याने भरली, एक टोक डिपस्टिकच्या नळीत घट्ट बसवलं, दुसरं मोकळं ठेवलं आणि इंजिन चालू केलं. चांगल्या इंजिनात दोन्हीकडचं पाणी जवळपास समान राहतं, किंवा इंजिनाच्या बाजूला जरासं ओढलं जातं. इथे ते मोकळ्या बाजूला वीतभर वर चढलं. आता टॅपेट कव्हरवरची ब्रीदरची नळी काढली, तरी पाणी जागचं हललं नाही. म्हणजे नळी मोकळी होती, अडथळा कव्हरच्या आत होता. शेवटी ऑइलची कॅप उघडली, तसं पाणी भराभर खाली आलं आणि समान झालं. रिंगा पार झिजल्या असत्या तर कॅपमधून धुराचा लोट आला असता. तसा आला नाही.

कव्हर काढून उलटं केलं. सेपरेटरची वळणं काजळी आणि ऑइलच्या घट्ट रबडीने बुजली होती, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं तर उभं राहिलं. कव्हर बदललं, इंटरकूलर धुतला, ऑइल योग्य पातळीला भरलं. ड्रायव्हरला मात्र बजावून सांगितलं की सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळेपर्यंत धूर येत राहील, घाबरून दुसरीकडे जाऊ नकोस. तो जुनाच टर्बो आजही नवग्रहांच्या फेऱ्या मारतो आहे.

या नवग्रहांच्या फेऱ्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. कुंभकोणमच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत आणि ती एका दिवसात करून आणायची पद्धत आहे. गाडी थोडी चालते, मग उभी राहते. प्रवासी दर्शनाला जातात, एखादी आजी गाडीतच बसते, बाहेर ऊन असतं, एसी बंद करता येत नाही. तंजावरच्या मोठ्या देवळातला मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल बघायला महाराष्ट्रातून येणारी मंडळीही भाड्याच्या गाडीतूनच फिरतात आणि परत आल्यावर गाडी गार मिळावी अशी त्यांची अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही. पण इंजिन तासन् तास आयडलला चालतं आणि मीटरवर एक किलोमीटरही चढत नाही. आयडलला डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, रिंगा सिलिंडरला नीट चिकटत नाहीत, काजळी जास्त होते, पाण्याची वाफ उडून न जाता ऑइलमध्ये थांबते. सर्व्हिसिंग मात्र दहा हजार किलोमीटरला. महामार्गावर दहा हजार चाललेली गाडी आणि देवळांच्या दारात उभी राहून दहा हजार झालेली गाडी यांच्या इंजिनांनी केलेल्या कामात दुपटीचा फरक असू शकतो. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो, जनरेटरला असतो. टॅक्सीलाही सर्व्हिस तासांवर धरावी, हे माझं ठाम मत आहे. आजच्या गाडीच्या कंप्युटरला इंजिन किती तास चाललं ते मोजता येतं; तो आकडा ड्रायव्हरला डॅशबोर्डवर दाखवायला काय हरकत आहे?

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट आली आहे. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून त्याला तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. बऱ्याच गाड्यांत हे डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारतात. गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्याला धावली तर काम पूर्ण होतं. अर्ध्यात गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद, असं होत राहिलं तर त्यातलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. “आमची गाडी ऑइल खात तर नाहीच, उलट वाढवते,” असं मालक समाधानाने सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पातळ झालेलं, पातळी चढलेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून थेट टर्बोच्या तोंडात जातो. डिझेल इंजिनाला जळायला तेल चालतं, मग ते टाकीतलं असो की चेंबरमधलं. स्वतःचंच ऑइल पिऊन सुटलेलं इंजिन चावी काढली तरी थांबत नाही, फेरे वाढवत जातं आणि फुटतं. असा प्रसंग विरळा, पण त्याची सुरुवात डिपस्टिकवर दिसते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर आनंद मानू नका, ऑइल बदला.

कावेरीच्या या पट्ट्यात धुळीचाही वाटा आहे. कापणीच्या दिवसांत कंबाइन हार्वेस्टर रात्रंदिवस चालतात, भाताचा भुस्सा रस्त्यापर्यंत उडतो आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे एअर फिल्टर वेळेआधी गच्च होतात. फिल्टर गच्च झाला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते, आणि ब्रीदरची नळी तिथेच येऊन मिळत असल्याने ऑइलची वाफ जास्त ओढली जाते. ऑइल खाणाऱ्या गाडीचा उपाय काही वेळा नुसता एअर फिल्टर असतो.

पेट्रोलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आजकालच्या अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. पूर्वी ते व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचं आणि व्हॉल्व्ह धुऊन निघायचा. आता ब्रीदरमधून आलेली ऑइलची वाफ तिथे बसते, भाजते आणि कडक थर होतो. तो काढायला हेड उघडावं लागतं किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारावा लागतो. शिवाय कमी फेऱ्यांवर, वरच्या गियरमध्ये, जोराने पाय दाबला की सिलिंडरमध्ये आलेला ऑइलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. त्या एका धक्क्याने पिस्टनची कडा तुटते. हा त्रास एवढा वाढला की ऑइलच्या मानकांमध्ये त्यासाठी वेगळी चाचणी घालावी लागली: २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’. पुण्याहून स्वतःच्या टर्बो पेट्रोल गाडीने बाराशे किलोमीटरच्या वर अंतर तोडून इकडे येणारे पाहुणे मला भेटतात. परतताना सेलमपुढे थोप्पूरचा घाट चढायचा आहे, तिथे गियर खाली घ्या, पाचव्यात रेटू नका, एवढं मी त्यांना सांगतो. आणि ऑइलच्या डब्यावर ‘एसपी’ आहे का ते बघा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचं, कमी उडणारं ऑइल हा वाफेवरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. प्रयोगशाळेत ऑइल २५० अंशांना तासभर तापवून किती उडालं ते मोजतात आणि चांगल्या दर्जाच्या ऑइलला १३ ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त उडण्याची मुभा नसते. सुट्या कॅनमधल्या ऑइलचा असा कुठलाही भरवसा नाही.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो तिच्याकडे येतो. ब्रीदर त्रास देतो म्हणून नळी काढून खाली रस्त्याकडे सोडून द्यायची. “मोकळा श्वास घेऊ दे गाडीला” असं म्हणत हे केलं जातं, तंजावरला आणि पुण्यातही. इंजिनाला तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं. पण हवेच्या नळीला पडलेलं भोक नीट बुजवलं नाही तर गाळलेली नसलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. खाली सोडलेल्या नळीला वेग नसताना काही ओढ नसते, म्हणजे आयडलला ती कुचकामी. आणि तो सगळा वायू आपण, मागचा स्कूटरवाला आणि फुटपाथवरची फुलवाली श्वासात घेतो.

जगात गाड्यांच्या प्रदूषणावरचा पहिला सक्तीचा उपाय हाच होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुष्कळ नंतर आला. कॅलिफोर्नियात धुरक्याने डोळे चुरचुरायला लागले, कॅलटेकच्या हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं रसायन उलगडून दाखवलं, आणि तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या गाड्यांचा ब्रीदर इनटेकला जोडणं भाग पडलं. तोवर गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा केवळ या उघड्या नळीतून जात होता. एका नळीने आणि एका झडपेने तो थांबला. अमेरिकेत २००५ साली शाळेच्या डिझेल बसमधली हवा तपासली तेव्हा मुलांच्या नाकात जाणारे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणावर बॉनेटखालच्या उघड्या ब्रीदरमधून येत होते आणि बसच्या पुढच्या दारातून आत शिरत होते. आपल्याकडची शाळेची व्हॅन सकाळी मुलांची वाट बघत आयडलला उभी असते, दार उघडं असतं. तिची नळी कुठे सोडली आहे ते पालकांनी एकदा वाकून बघावं.

तरुण मुलं हल्ली कॅच कॅन मागतात. ब्रीदरच्या वाटेत एक डबा, त्यात ऑइल थेंब थेंब साठतं. कल्पना चांगली आहे आणि योग्य गाडीवर मी तो बसवतोही. पण आत जाळी किंवा पडदे नसलेला रिकामा डबा काही अडवत नाही, वायू एका भोकातून येऊन दुसऱ्यातून निघून जातो. डब्याच्या डोक्यावर छोटा फिल्टर लावून तो बाहेर मोकळा सोडणं म्हणजे पुन्हा रस्त्यावरच नळी. नळ्या ऑइल सोसणाऱ्या हव्यात, मूळ नळीएवढ्या जाड हव्यात आणि डबा वेळच्या वेळी रिकामा करायला हवा. ऐप्पसीच्या पावसात, म्हणजे आपल्या अश्विन-कार्तिकात, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या डब्यात अर्धं पाणी निघतं, ऑइलशी घुसळून पांढरट झालेलं. ते भरून वाहिलं तर सगळा घोट एकदम टर्बोत जातो. जो दर महिन्याला बॉनेट उघडणार नाही त्याने कॅच कॅनच्या फंदात पडू नये, कंपनीची व्यवस्था स्वच्छ ठेवावी.

ही व्यवस्था स्वच्छ ठेवायची तर ती उघडता यायला हवी, आणि इथे कंपन्यांशी माझं भांडण आहे. अनेक गाड्यांत तो पातळ रबरी पडदा आणि सेपरेटर टॅपेट कव्हरमध्ये कायमचे चिकटवलेले असतात. पडदा फाटला की इंजिन शिट्टी मारतं, ऑइलची कॅप उघडताना आतून ओढून धरल्यासारखी लागते, आयडल हलतं. पडद्याला काहीशे रुपये पुरले असते; बदलावं लागतं अख्खं कव्हर, आणि ते काही हजारांना. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारगाड्याही घेतल्या. त्या हक्काला अर्थ यायचा असेल तर असे झिजणारे भाग सुटे मिळायला हवेत. सर्व्हिसच्या तक्त्यातही ब्रीदरची ओळ हवी. एअर फिल्टरला ओळ आहे, केबिनच्या फिल्टरला आहे, वायपरला आहे. ब्रीदर मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत नाही. तक्त्यात नाही म्हणून शिकाऊ मुलाला शिकवलं जात नाही, आणि शिकवलं नाही म्हणून तो टर्बो काढतो.

सरकारचा नियम तसा कडक आहे. पुण्याची एआरएआय किंवा चेन्नईजवळच्या ओरगडमचं केंद्र नव्या पेट्रोल गाडीच्या नमुन्याला मंजुरी देताना क्रँककेसमधला वायू बाहेर सुटत नाही ना, हेही तपासतं. पण गाडी विकली गेली की हा प्रश्न कुणी पुन्हा विचारत नाही. पीयूसीला पेट्रोलच्या गाडीचा सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात. दोन्ही वेळा नळी मागे, सायलेन्सरमध्ये. पुढे बॉनेटखाली ब्रीदर तोडून रस्त्याकडे सोडलेला असला तरी गाडी पास होते.

यावर नेहमीचं उत्तर असं मिळतं की पीयूसी केंद्रावरच्या मुलाकडून एवढी अपेक्षा कशी करायची. मी मोठी अपेक्षा करतच नाही. दाब मोजायला सांगत नाही. बॉनेट उघडावं, नळी दोन्ही टोकांना जोडलेली आहे का ते बघावं, आणि नंबर प्लेटचा फोटो काढतोच तसा तिचाही एक फोटो काढावा. नळी कुठे असते हे त्याला कसं कळणार? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली प्रदूषण नियंत्रणाच्या माहितीचं लेबल लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कित्येक गाड्यांच्या त्या लेबलावर नळ्यांचा नकाशाच छापलेला असायचा. आपल्याकडे ब्रीदरची वाट दाखवणारं हातभर नव्हे, वीतभर स्टिकर प्रत्येक नव्या गाडीला लावायला सांगावं. मिस्त्रीलाही तेच उपयोगी पडेल, आणि जुनी गाडी घेणाऱ्यालाही.

तोवर पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी सोडताना जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा: ब्रीदर आणि सेपरेटर तपासणे. आणि कुणी टर्बो बदलायला सांगितला, तर चेंबरचा दाब मोजला का, किती भरला, हे विचारून त्याच कार्डावर लिहून मागा. लेव्हल पाईप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.